गिरणीशेजारी तबला

उजव्या हाताचं एक बोट वर, डोळे किंचित मिटलेले, ओठ हलताहेत आणि आवाज मात्र काही नाही. मास्तर माझ्या गिरणीच्या दारात आले की असे दिसायचे. मोटर चालू, पट्टा फिरतोय, वरून गहू पडतोय, खाली पीठ येतंय, आणि दारात हा मुका माणूस. मी हात हलवून विचारायचे, "काय?" पुन्हा नुसते ओठ. शेवटी वैतागून मी बटण दाबायचे. पट्टा रेंगाळत थांबायचा. गिरणीत शांतता व्हायची.

"काय वो मास्तर, काय झालं?"

"काय न्हाय वहिनी. एक मिनिट बंद करा म्हणत होतो. झाली की बंद."

आणि एवढं बोलून आपल्या खोलीकडे चालू लागायचे.

तुम्ही कधी चालू गिरणी मधेच बंद केली आहे का? दगडात दाणे अडकून बसतात. पुन्हा चालू करताना मोटर कण्हते, पट्टा सटकतो, आणि रांगेतल्या बायका डब्यांच्या झाकणांवर बोटं वाजवत माझ्याकडे बघत राहतात. हे सगळं मास्तरांच्या एका मिनिटासाठी. बरं, लांबून ओरडून सांगावं की नाही? आमच्या कसबा बावड्यात माणसं एका चटईवर बसली तरी उसाच्या फडापलीकडून हाक मारल्यासारखी बोलतात. गिरणीत तर तसं बोलल्याशिवाय इलाजच नाही. सगळ्या गल्लीत आवाज न वाढवणारे मास्तर तेवढे एकटे.

"जरा मोठ्यांदा बोला की," मी कितीदा सांगितलं असेल.

"मी वाढवला की तुम्ही वाढवणार. मग परत मी. कुठवर जायचं वहिनी?"

मी बटण दाबून पुन्हा दळायला लागायचे.

मास्तर एका शाळेत संगीत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घरीच तबल्याचे वर्ग घ्यायला लागले. बायको पूर्वीच गेली होती, एकुलती एक मुलगी नृसिंहवाडीजवळच्या एका गावात दिलेली. खोली त्यांच्या वडिलांच्या वेळची. माझी गिरणी नंतर आली, आणि हे ते मला कधी विसरू द्यायचे नाहीत. आमच्या दोघांच्या मध्ये एका विटेची भिंत. माझा नवरा कारखान्यात नोकरीला, त्यामुळे गिरणी माझी, गिरणीची कटकट माझी, आणि मास्तरही माझ्याच वाट्याला.

एकदा उन्हाळ्यात ते घामाघूम होऊन चालत आले. विचारलं तर म्हणाले, बसमध्ये मागच्या सीटवर होतो. आपला स्टॉप आला तेव्हा 'थांबवा' म्हणालो. गाडी पुढं गेली.

"कसं म्हणाला?"

"थांबवा," ते म्हणाले. माझ्यापासून हातभर अंतरावर होते, तरी मला कान पुढं करावा लागला.

"मास्तर, अशानं कुत्रं तरी थांबंल काय? वरडायचं की!"

"म्हणालो की मी. त्यानं ऐकलं न्हाय. ती त्याची चूक."

आणि ते त्या उन्हातून परत चालत आले होते. कंडक्टरची चूक आपल्या पायांनी भोगत.

मंडईतही तीच गत. वांगीवाल्यापुढे ते उभे राहायचे, ओठ हलवायचे, आणि मागून येणारी बाई 'ए पावणं, अर्धा किलो घाल' म्हणून वांगी घेऊन जायची. मास्तर उभेच. शेवटी मीच त्यांची भाजी आणायला लागले. शेजारधर्म वगैरे काही नाही. बघवत नव्हतं म्हणून.

सगळ्यात जास्त डोकं फिरायचं ते चटणीच्या दिवसांत. उन्हाळ्यात अख्खा बावडा चटणी करतो, आणि माझा मिरची कांडायचा डंक सकाळपासून धाड धाड सुरू असतो. गल्लीत लोक शिंकत असतात, डोळे पुसत असतात. मास्तर नाकाला रुमाल लावून आले. बोट वर. मी डंक थांबवला.

"वहिनी, तुमचा डंक लयीत न्हाय."

"आं?"

"एक ठोका मागं पडतोय. त्यापायी आमचा ताल सुटायलाय. एक तर नीट लयीत कांडा, न्हाय तर बंद करा."

रांगेतली एक बाई एवढी हसली की तिच्या हातातलं मिरच्यांचं टोपलं सांडलं. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "मास्तर, मिरच्या कांडायला घेतल्यात, वरात काढलेली न्हाय." त्यांनी थोडा विचार केला आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "वरात परवडली. ती पुढं तरी जाते."

एक दिवस मात्र माझा संयम संपला. माझी जाऊ दळण टाकायला आली होती. तिला गिरणीवर बसवलं आणि मी सरळ मास्तरांच्या खोलीत गेले. म्हटलं, एकदाचा काय तो निकाल लागू दे. आत त्यांचा एक शिष्य बसला होता, बँकेतून निवृत्त झालेले एक जाडजूड गृहस्थ. घरात बसून कंटाळा येतो म्हणून उतारवयात तबला शिकत होते.

"मास्तर, रोज उठून तुम्ही मला गिरणी बंद करायला लावता. तुम्हाला तबला ऐकू येत न्हाय का माझ्या गिरणीनं?"

"येतो की."

"मग?"

"बसा." त्यांनी मला सतरंजीवर बसवलं. तबल्यावर एक थाप मारली. मग दुसरी. "कुठली मोठी?"

भिंतीपलीकडे गिरणी घरघरत होती. मी म्हणाले, "दोन्ही सारख्याच."

त्यांनी शिष्याकडे बघितलं. त्या गृहस्थांनीही मान हलवली. सारख्याच.

"आता जावंला बंद करायला सांगा."

मी भिंतीवर मूठ आपटून ओरडले. गिरणी थांबली. मास्तरांनी पुन्हा दोन थापा मारल्या. ह्या वेळी मला कळलं. दुसरी जराशी जड होती. अगदी जराशी, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालताना हात जरा जास्त टेकावा तेवढी.

"ह्या दोघींच्या मधी जे हाय, ते मी शिकवतो," मास्तर म्हणाले. "तुमची गिरणी तबला झाकत न्हाय वहिनी. फरक झाकते."

"मग दोन्ही जोरात वाजवा की!"

"दोन्ही जोरात वाजवल्या तर फरक कुठं ऱ्हायला? आणि एकच जोरात वाजवायची म्हटलं तर लई जोरात मारावी लागती, तेव्हा कुठं वेगळी कळती. मग ते वाजवणं होत न्हाय. मारामारी होती."

मला राग आला. माणूस चुकीचा असला की भांडता येतं. बरोबर असला की नुसतं उठून यावं लागतं. त्या दिवसापासून दुपारी जेवणानंतर तासभर मी गिरणी बंद ठेवायला लागले. गिऱ्हाइकं कुरकुरली. मास्तरांनी आभार वगैरे काही मानले नाहीत. उलट तो तास संपून मी गिरणी चालू केली की थोड्या वेळानं बोट वर करून दारात हजर. "एक मिनिट, वहिनी. एकच तुकडा ऱ्हायलाय."

असा माणूस तुमच्याही शेजारी राहत असेल. नसेल तर सुखी आहात.

मग तो सोमवार आला. दुरुस्तीसाठी सकाळपासून आमच्या भागातली वीज बंद होती. गल्लीत टीव्ही नाही, मिक्सर नाही, कुठं पंखासुद्धा नाही. मी गिरणीच्या दारात बसून तांदूळ निवडत होते. इतकं शांत होतं की सुपातले खडे बाजूला पडताना ऐकू येत होते. मास्तर आले. बोट वर.

"वहिनी, एक मिनिट बंद करा की."

मला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा त्यांच्या स्वभावात नव्हती, तरी वाटलं. मग डोक्यात तिडीकच गेली. "मास्तर, लाईट न्हाय सकाळपासनं! काय बंद करू? मला बंद करता काय?"

 ते गिरणीत आत गेले. पट्ट्यापाशी जाऊन त्यांनी त्यावर हात ठेवला. पट्टा थंड होता, ढिला लोंबत होता. त्यांनी मोटरीवर हात ठेवला. दगडाच्या झाकणावर ठेवला. आंधळा माणूस भिंत चाचपत जातो तसे ते सगळ्या गिरणीला हात लावत फिरले आणि पोत्यावर खाली बसले.

"मग हे काय वाजतंय?" त्यांनी विचारलं.

मी सूप खाली ठेवलं.

मुलीला यायला दोन दिवस लागणार होते, म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे त्यांना मीच घेऊन गेले. तिथं काचेची खिडकी असलेली एक बंद खोली होती. मास्तरांच्या कानांवर काहीतरी घालून त्यांना आत बसवलं. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मी काचेतून बघत होते. बराच वेळ त्यांचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला. मधेच ते दाबायचे आणि आपण चुकलो अशा चेहऱ्यानं तपासणाऱ्या बाईंकडे बघायचे. एवढी वर्षं दुसऱ्यांना चुका दाखवत आलेला माणूस तिथं नापास होत होता, आणि त्यालाही ते कळत होतं.

बाहेर आल्यावर माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "आत बी गिरणी हाय."

डॉक्टर समजावून सांगत होते. आतल्या बारीक नसा झिजल्यात, बाहेरचं कमी ऐकू येतंय, आणि हा आवाज कानातच तयार होतोय. तो काढून टाकता येत नाही. श्रवणयंत्रानं थोडा फरक पडेल. घरात अगदी शांत ठेवू नका, पंखा लावा, रेडिओ लावा, म्हणजे त्याच्याकडे लक्ष कमी जाईल.

मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, माझ्या गिरणीनं झालं का वो हे?"

"वय असतं, घराण्यात असतं, कशानंही होतं. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही. पण तुम्ही दिवसभर गिरणीत असता ना? तुम्हीही बसा एकदा आत."

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणाले. माझ्या आवाजानं बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मास्तरांनीही डोळे मिटून घेतले.

श्रवणयंत्र आलं. मास्तरांना ते पटलं नाही. "सगळंच मोठं करतंय," म्हणायचे. "तबला मोठा, रिक्षा मोठी, तुम्ही तर विचारूच नका. फरक तेवढा दाखवत न्हाय." बँकेतले गृहस्थ येत राहिले. भिंतीपलीकडून मला तोच तोच बोल ऐकू यायचा, आणि मधे मास्तर, "पुन्हा." पुन्हा तोच बोल. "पुन्हा." ते गृहस्थ एकदा दळण घ्यायला आले तेव्हा रडवेले झाले होते. म्हणाले, "काय चुकतंय तेच कळेना झालंय."

मास्तरांना कळलं होतं. आठवड्याभरात त्यांनी वर्ग बंद केला. मी त्याच वेळी त्यांची भाजी द्यायला गेले होते. ते गृहस्थ गयावया करत होते, तुम्ही नुसते बसा मास्तर, मी वाजवतो. मास्तर तबल्यावर खोळ चढवत म्हणाले, "मला दोन थापांतला फरक कळंना झालाय. मग मी हितं बसून काय करू? मान डोलवू?"

ते बोलले त्यांच्या नेहमीच्याच आवाजात. पण खोळीची नाडी त्यांच्या हातून दोनदा सुटली. शेवटी गाठ मी मारली.

दुसऱ्या दिवशी ते गिरणीत आले. बोट वर नव्हतं. मी तरी सवयीनं मोटर बंद केली.

"बंद का केली?"

"तुम्ही आला न्हवं?"

"चालू करा. चालू ऱ्हाऊ द्या की." आणि भिंतीला टेकून पोत्यावर बसले. मी चालू केली. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटत गेल्या. दुपारी मी बंद केल्यावर म्हणाले, "तुमची चालू असली की माझी ऐकू येत न्हाय."

झालं. इतकी वर्षं गिरणी बंद करा म्हणून माझं डोकं खाल्लं, आता चालू ठेवा म्हणून खायला लागले. सकाळी मी कुलूप काढायच्या आधी दारात उभे. पीठ उडून केस, भुवया पांढऱ्याफटक. येणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांना ओलांडून डबा ठेवावा लागायचा. दळण संपून मी मोटर बंद केली की लगेच, "का? कुणी न्हाय?" जणू मी गिऱ्हाइकं मुद्दाम परत पाठवते आहे. एकदा तर स्वतःचे गहू घेऊन आले. ते दळून दिले तर अर्ध्या तासानं तेच पीठ घेऊन पुन्हा हजर.

"जाडं झालंय. परत फिरवा."

"मास्तर, ह्याच्यापेक्षा बारीक केलं तर हवेत उडून जाईल!"

"उडू द्या. फिरवा."

मी फिरवलं. काय करता?

आवाज तेव्हाही वाढवायचे नाहीत. चालू गिरणीत त्यांच्या आवाजात काहीतरी सांगत बसायचे. बऱ्याचदा मला एक अक्षर कळायचं नाही. त्यांनाही माझं कळायचं नाही. तरी दिवस बरे जात होते असं आता वाटतं.

पावसाळ्याच्या आधी मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. एकट्यानं किती दिवस राहणार? तिचंही खरं होतं. मला वाटलं, सुटले. आणि पंधरवडा झाला असेल-नसेल, तिचा फोन.

"काकू, बाबांना झोप न्हाय. हितं रानात घर, लई शांत. पंखा लावला, रेडिओ लावला, कशानंच भागंना. म्हणत्यात, वहिनींच्या गिरणीचा आवाज मागव."

मी फोन गव्हाच्या डब्यावर उभा करून दळण दळलं आणि तो आवाज पाठवून दिला. रांगेतल्या बायका विचारायला लागल्या, काय गिरणीचा पिक्चर काढायलाय का. संध्याकाळी मुलीचा निरोप आला. "काकू, बाबा म्हणत्यात हे गव्हाचं हाय. शाळवाचं पाठवा. गहू कानाला टोचतोय."

मी कपाळावर हात मारला. ज्या माणसाला दारातली हाक ऐकू येत नाही, त्याला फोनमधून गहू टोचतो! पण दुसऱ्या दिवशी ज्वारीचा, शाळूचा डबा आला तेव्हा मी बायकांना बाहेर काढलं, फोन ठेवला आणि दळलं. बाहेरून त्या काय काय बोलत होत्या. येऊ दे म्हटलं तेही फोनमधल्या आवाजात.

मास्तर गेल्या थंडीत गेले. त्याच्या आधी एकदा मी आणि जाऊ नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो होतो, तेव्हा तिला देवळात बसवून मी रिक्षानं त्यांच्या मुलीच्या गावी जाऊन आले. ते घरात नव्हते.

"असतील मोटारीपाशी," मुलगी कंटाळून म्हणाली. "दिवसभर तिथंच. जेवायला बोलवायला बी मलाच जावं लागतंय."

उसाच्या कडेला पाण्याची मोटार बसवलेली एक लहानशी खोली होती. आत मोटार घूं घूं करत होती, आणि बाहेर सावलीत मास्तर भिंतीला पाठ लावून बसले होते. वाळले होते. मला बघून सरकले आणि जागा केली. मी शेजारी बसले. त्यांचे ओठ हलले. मी मान डोलावली. काय म्हणाले ते मला आजही माहीत नाही. पाटातून पाणी उसात जात होतं. आम्ही ते बघत बसलो.

आणि लाईट गेली.

मोटार थांबली. पाटातलं पाणी मंदावलं. वाऱ्यानं ऊस सळसळला आणि तोही थांबला. मला ती शांतता बरी वाटत होती. मग मी मास्तरांकडे बघितलं. जबडा आवळला होता, हातांनी दोन्ही गुडघे घट्ट धरले होते. त्यांचं आत सुरू झालं होतं.

मी बोलायला लागले. काय बोलावं ते सुचेना, तर सुचेल ते. गिरणीच्या दगडाला टाकी लावून धार काढून घेतली ते सांगितलं. जावेचा गुडघा सांगितला. यंदाच्या मिरच्या नुसत्या लाल, तिखट काही नाही, हे सांगितलं. तुमच्या खोलीत आता मोबाईल दुरुस्त करणारा आलाय, भाजी नीट घेतो पण दाराशी चपला पसरतो, हे सांगितलं. चालू गिरणीत जशी बोलते तशी, त्याहून मोठ्यानं. उसातली पाखरं उडून गेली.

मुलगी घरातून पळत आली. "काकू! काय झालं? कुणाशी भांडण लागलं?"

"भांडण कसलं? बोलायलोय आम्ही!"

मास्तरांनी डोळे मिटून मान मागं भिंतीला टेकवली होती. गुडघ्यांवरचे हात सैल झाले होते. त्यांनी तिला हातानंच जा म्हणून सांगितलं.

लाईट यायला बराच वेळ लागला. तोवर मी बोलत होते.